डॉनल्डचं गाव आणि आपली पापडी

पापडी नाक्यावरून शेअर रिक्षाने वसई रोड स्टेशन, तिथून चर्चगेटची लोकल, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. ऑटिझम असलेल्या मुलाला मुंबईत थेरपीला नेणाऱ्या आईचा अर्धा दिवस असा जातो आणि थेरपी असते पाऊण-एक तासाची. त्या तासात शिकवतात त्यातलं बरंचसं माणसांत मिसळण्याबद्दल असतं. हाक मारली की बघायचं, खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, पाहुणे आले की ‘हॅलो’ म्हणायचं. शिकवणारे मनापासून शिकवतात, मूलही हळूहळू शिकतं. मात्र ज्या माणसांत त्याने मिसळायचं ती सगळी इकडे पापडीत असतात: शेजारची काकू, नेहमीचा रिक्षावाला, वर्गात बाकावर बसणारी पोरं, रविवारच्या मिस्सेला पुढच्या रांगेतले आजोबा. त्यांना या विषयातलं कुणी काहीच सांगितलेलं नसतं. नातं दोघांचं असतं, पण खर्च, दगदग आणि गृहपाठ सगळा एकट्या मुलाच्या वाट्याला आला आहे.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. दोन ते नऊ वर्षांच्या भारतीय मुलांमधल्या मेंदूविकासाच्या अडचणींचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाहणी पाच ठिकाणी झाली होती आणि त्यातलं एक ठिकाण आपल्या शेजारचं, उत्तर गोवा. ऑटिझम, एडीएचडी, लेखन-वाचनाच्या अडचणी, बौद्धिक अक्षमता यांच्यासोबत फेफरं, सेरेब्रल पाल्सी, वाचेचे, ऐकण्याचे आणि दृष्टीचे दोषही मोजले होते. सहा ते नऊ या वयात यांपैकी एखादी तरी अडचण असलेली मुलं १३.६ टक्के निघाली. पन्नास पोरांच्या वर्गात सहा-सात. ‘आमच्या वेळी असं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी आपल्या वर्गातला ‘ढ’, ‘वेडपट’ आणि ‘तंद्रीत असणारा’ आठवून पाहावा.

यातल्या ज्यांच्या मेंदूची घडण आणि चाल बहुसंख्यांपेक्षा वेगळी असते त्यांना हल्ली न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया ही त्यातली परिचित नावं. त्यांना आजारी न मानता वेगळ्या जातकुळीची माणसं मानावं, हा विचार १९९०च्या दशकात ऑटिस्टिक माणसांनीच पुढे आणला. डॉक्टर मागाहून आले.

या सगळ्याची कागदोपत्री सुरुवात ज्या मुलापासून होते त्याची गोष्ट मात्र दवाखान्यापेक्षा त्याच्या गावाची आहे. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९३३ साली डॉनल्ड ट्रिपलेट जन्मला. आईकडे बघायचा नाही, वस्तू गरागरा फिरवत बसायचा, तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा. त्या काळच्या सल्ल्याप्रमाणे आईवडिलांनी त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका संस्थेत ठेवलं. वर्षभराने, त्यांना ते सोसवेना म्हणून, घरी परत आणलं. वडिलांनी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना मुलाच्या वागण्याचं बारीकसारीक वर्णन करणारं ३३ पानी पत्र लिहिलं. कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, ऑटिझमचं निदान त्यातून रूढ झालं आणि त्यातला पहिला रुग्ण हा डॉनल्ड. माणसांशी भावनिक नातं जोडण्याची जन्मजात क्षमताच या मुलांत नसते, असं कॅनर यांचं म्हणणं होतं.

डॉनल्ड नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला गावापासून दहाएक मैलांवर लुईस नावाच्या शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. हे दोघं ना शिक्षक, ना डॉक्टर. डॉनल्डला मोजण्याचं वेड होतं. लुईस यांनी ते सोडवायचा प्रयत्न केला नाही. विहीर खणायला घेतली होती, तिची खोली मोजून सांगायचं काम त्याला दिलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी शेतात एक कोपरा दफनभूमी म्हणून देऊन टाकला. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी सांगितलं, मोज, पण नांगर धरून मोज. कॅनर १९४५ साली स्वतः पाहायला गेले तेव्हा पोराने त्यांच्यासमोर सहा लांबलचक ओळी नांगरल्या आणि ओळीच्या टोकाला घोडा व्यवस्थित वळवून घेतला. कॅनर यांनी हे सगळं नंतर लिहून ठेवलं आहे.

मला ही गोष्ट वाचताना वसईच्या वाड्याच दिसतात. केळीच्या ओळी, पालेभाजीचे वाफे, बावखलाची खोली. मोजण्याचं वेड असलेल्या पोराला इथे काम कमी पडलं नसतं, आणि काही घरांत आजी-आजोबांनी असं काम नातवाला गुपचूप लावूनही दिलं असेल. त्याची कुठे नोंद नाही इतकंच.

पुढे डॉनल्ड गावातल्या शाळेत गेला. एकदा त्याला कुणी ८७ गुणिले २३ किती विचारलं आणि त्याने पटकन २००१ सांगितलं, तेव्हापासून त्याचं नाव झालं. शाळेच्या इमारतीच्या विटा त्याने नुसत्या नजरेने मोजून दाखवल्या, अशी दंतकथाही गावात होती. म्हातारपणी पत्रकारांनी तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं की आकडा मनानेच ठोकून दिला होता; शाळेतल्या मुलांचं आपल्याबद्दल चांगलं मत व्हावं, एवढंच हवं होतं. ज्याला माणसांची ओढच नाही असं वैद्यकाने लिहून ठेवलं होतं, तो पोरगा मित्रांत पत मिळावी म्हणून विटांचा आकडा ठोकत होता!

त्याने १९५८ साली पदवी घेतली आणि गावातल्या बँकेत नोकरी केली. गोल्फ शिकला, मोटार चालवायला शिकला, एकट्याने तीसहून अधिक देश फिरून आला. ओळखीच्या माणसांना तो नंबर द्यायचा आणि ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवायचा. ज्यांच्यावर जीव त्यांच्यावर रबरबँड मारायचा. गावाने हे सगळं चालवून घेतलं. पत्रकार जॉन डॉनव्हन आणि कॅरेन झुकर त्याचा शोध घेत फॉरेस्टला गेले, तेव्हा त्याला दुखावलंत तर तुम्हाला शोधून काढू, असा दम त्यांना एकापेक्षा जास्त गावकऱ्यांनी भरला. जून २०२३ मध्ये, ८९ वर्षांचा होऊन डॉनल्ड गेला.

आपल्याकडे या विषयावरचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे २००७ सालचा ‘तारे जमीन पर’. डिस्लेक्सिया हा शब्द त्याने घराघरांत नेला, हे मोठं काम. पण त्यात एक निकुंभ सर येतात आणि पोराचं आयुष्य पालटतात. फॉरेस्टमध्ये कुणी निकुंभ सर नव्हते. शेतकरी, वर्गमित्र, गोल्फच्या मैदानावरचे जोडीदार आणि बँकेतले सहकारी अशा पुष्कळ साध्या माणसांनी मिळून ते काम केलं, आणि तेही ऐंशी वर्षं. अर्थात ज्या बँकेत डॉनल्डला नोकरी मिळाली ती त्याच्याच घराण्याची होती, हे विसरू नये. त्याच काळात मिसिसिपीतल्या गरीब किंवा कृष्णवर्णीय घरातल्या अशा मुलाला गावाने एवढं सांभाळलं असतं का, याचं उत्तर आपल्याला कळतं.

आता कॅनर यांच्या त्या विधानाकडे वळू. ‘यांना माणसं कळत नाहीत’ हे जवळजवळ सत्तर वर्षं शास्त्र म्हणून चाललं. २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक अवघड प्रश्न विचारला: ऑटिस्टिक माणसाला इतर लोक कळत नाहीत हे खरं, पण इतरांना तरी तो कुठे कळतो? गैरसमज दोन्हीकडून होतो, मग दोष एकाच्याच खाती का?

वसईकराला हे समजायला शास्त्र लागू नये. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारा माणूस ऑफिसात दिवसभर प्रमाण मराठी, हिंदी, इंग्रजी चालवतो. चुकत नाही, पण मनात एक चौकीदार सतत जागा असतो. संध्याकाळी विरार लोकलमध्ये गाववाला भेटला की तो चौकीदार झोपतो आणि जीभ सैल सुटते. दिवसभर या माणसाला ‘बोलता येत नव्हतं’ असं कुणी म्हणणार नाही. ऑटिस्टिक माणूस रोज असाच परक्या बोलीत वावरतो. फरक इतकाच की त्याला गाववाला भेटेलच याची खात्री नसते.

मिल्टनचं म्हणणं तपासायला एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींचा खेळ घेतला. आठ जणांची साखळी करायची, पहिल्याला एक विचित्र, आधी न ऐकलेली गोष्ट सांगायची, त्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी किती तपशील उरतात ते मोजायचं. एकूण ७२ माणसं, नऊ साखळ्या: तीन सगळ्या ऑटिस्टिक माणसांच्या, तीन बिगर-ऑटिस्टिक, तीन मिश्र. २०२० साली निष्कर्ष आले. ऑटिस्टिक साखळ्यांनी गोष्ट इतरांइतकीच नीट पोचवली. गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. पुढे ३११ माणसांवर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मात्र मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे ‘मिश्र जोडी जमतच नाही’ हे कायमचं सत्य नव्हे, आणि वसईसारख्या ठिकाणी ही आनंदाचीच बातमी आहे. दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट मात्र तशीच राहिली: ऑटिस्टिक माणसं एकमेकांशी बोलायला कुठेही कमी पडली नाहीत.

मनातल्या त्या चौकीदाराची किंमत मोठी असते. आपलं वेगळेपण दिवसभर झाकत राहणं, हात हलवावेसे वाटले तरी खिशात कोंबणं, आवाजाने डोकं फुटत असताना हसत राहणं, याला मास्किंग म्हणतात. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं झाकणं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध दिसून आला. बाहेरून ‘किती सुधारला’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं तो आतून थकलेला असू शकतो. म्हणून सोबतीने बरं वाटतं असं म्हणताना नेमकं काय बरं होतं ते सांगायला हवं. ऑटिझम जात नाही, जायचं कारणही नाही. एकटेपण जातं, लाज कमी होते, झोप लागते. आणि एकटेपण ही किरकोळ बाब नव्हे. जगभरातल्या १४८ अभ्यासांचा २०१० साली एकत्र विचार झाला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसं होती आणि ज्यांची नाती घट्ट त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली.

नाती जुळतात कशी, याचं एक सुरेख उदाहरण अमेरिकेतलं आहे. डॅनियल लगॉफ या मानसशास्त्रज्ञाकडे येणाऱ्या दोन मुलांची योगायोगाने वेटिंग रूममध्ये गाठ पडली. दोघांनी घरून लेगोचे ठोकळे आणले होते. आत खोलीत ज्यांना बोलतं करायला घाम गाळावा लागे, ती दोघं बाहेर जमिनीवर बसून एकमेकांना आपापलं बांधकाम दाखवत होती. लगॉफने त्यातून गटात खेळायची पद्धतच बसवली आणि २००४ साली तिच्यावर लिहिलं. एक मूल इंजिनिअर, ते नकाशा बघून सांगतं. एक सप्लायर, ते नेमका तुकडा शोधून देतं. एक बिल्डर, ते जोडतं. बोलल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही, पण बोलण्यासाठी म्हणून कुणी बोलत नाही. डोळ्यांत डोळे घालायची सक्ती नाही, सगळ्यांचे डोळे ठोकळ्यांवर. लेगो महाग असेल तर विरार-डहाणू लोकलचं वेळापत्रक घ्या, क्रिकेटचे स्कोअर घ्या, बँडमधली ड्रमची जोडी घ्या. मुलाचा जीव कशात आहे ते ओळखून तिथून आत शिरायचं.

वेटिंग रूम आयांनाही सापडते. मुलं आत असताना बाहेर बाकावर बसलेल्या बायका डब्यातली भाजी आणि डॉक्टरचा पत्ता एकाच दमात एकमेकींना देतात. मुंबईतल्या फोरम फॉर ऑटिझमसारखे पालकांचे गट अशाच गरजेतून चालतात. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ साली उभी राहिली आणि दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आज ज्या मुलांना मिळतात त्यामागे अशा पालकांची आणि डॉक्टरांची चिकाटी आहे. जुहूला अर्पण नावाचं कॅफे आहे, यश चॅरिटेबल ट्रस्टचं. तिथे ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली प्रौढ माणसं स्वयंपाक करतात, ऑर्डर घेतात, पगार घेतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा कौतुकाने येतं, दुसऱ्यांदा भूक लागली म्हणून. मला ते दुसऱ्यांदा येणं जास्त मोलाचं वाटतं.

खुद्द ऑटिस्टिक माणसांनी भरवलेल्या मेळाव्यांतून आलेली एक युक्ती तर कुणालाही उचलण्यासारखी आहे. जिम सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९६ पासून ‘ऑट्रीट’ नावाची शिबिरं भरवली. तिथे प्रत्येकाच्या छातीवर रंगीत बिल्ला असे. लाल म्हणजे आत्ता माझ्याशी बोलू नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. हा हिरवा बिल्ला मला फार आवडतो. आपल्याकडच्या लग्नांत तो कितीतरी ‘नॉर्मल’ माणसंही लावतील.

पापडीत हे सगळं कुठून आणायचं, असं कुणी विचारील. माणसं जोडायचं यंत्र इथे आधीपासून आहे. बेसिन कॅथॉलिक बँकेचं मुख्य कार्यालय पापडीत आहे. १९१८ साली एका छोट्या सहकारी पतसंस्थेतून ती उभी राहिली. एकट्याने जे झेपत नाही ते दहा घरांनी मिळून करायचं, हा धडा या गावाने शंभर वर्षांपूर्वी गिरवलेला आहे. १९९८ साली वसई धर्मप्रांत झाला आणि पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च त्याचं कॅथेड्रल. गायकवृंद आहे, वेदीसेवक आहेत, वाड्यांमधल्या प्रार्थनेच्या बैठका आहेत. पलीकडे भजनी मंडळं आहेत, गणेशोत्सवातली कार्यकर्ती पोरं आहेत. यातल्या बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला तीच वेळ, तीच जागा, तीच माणसं, तोच क्रम असतो. ऑटिस्टिक मुलाला नेमकं हेच मानवतं. मिस्सेत पुढे काय होणार हे त्याला माहीत असतं. कित्येकदा शेजारच्यापेक्षा जास्त पाठ असतं. मग त्याने मध्येच उठून दोन फेऱ्या मारल्या तर मागे वळून बघायचं नाही, एवढंच बाकीच्यांना शिकायचं आहे. लाउडस्पीकरपासून लांबचं बाक त्याच्यासाठी राखायचं. वरातीतल्या डीजेचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही. त्याने तर ऑटिझम नसलेल्यांचेही कान जातात.

कायदा आपल्या बाजूला आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि लेखन-वाचनाच्या विशिष्ट अक्षमता आहेत. एडीएचडीला स्वतंत्र जागा नाही, ही उणीव आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, आपल्यासाठी पालघरची. ‘आमच्यामागे याचं कोण’ या प्रश्नाने झोप उडालेल्या आईवडिलांनी ते काम लांबणीवर टाकू नये. मात्र समितीने नेमलेला पालक सही करील. सणाला घरी जेवायला बोलवणारं माणूस तिला नेमता येत नाही.

ते तुम्हाला-मला व्हावं लागेल. तुमच्या वाडीत असं एखादं घर तुम्हाला ठाऊक असणारच. ज्या घरातली बाई कार्यक्रमातून नेहमी अर्ध्यावर उठून जाते, किंवा हल्ली येतच नाही. पुढच्या वेळी आमंत्रण द्यायला जाल तेव्हा ‘सगळ्यांनी या’ म्हणून वळू नका. मुलाला त्याच्या नावाने बोलवा, त्याने उत्तर दिलं नाही तरी बोलवा. गर्दी व्हायच्या आधी आलात तर चालेल का, त्याला काय खायला आवडतं आणि बसायला शांत खोली हवी का, हे त्याच्या आईला विचारून या.